दोघी मावतील अशी गाडी

३ नोव्हेंबर २००३, सोमवार

आज सुनेने एक काम सांगितलं आणि तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. काम म्हणजे काय, तर बाबागाडी आणायची. कुत्र्यांसाठी.

आरती या घरात आली त्याला नऊ वर्षं झाली. मूल नाही. दवाखाने झाले, नवस झाले, पुण्याचे मोठे डॉक्टर झाले. चार वर्षांपूर्वी ते सगळं तिनेच थांबवलं. मग आमच्या सुदर्शनने भोसरीच्या कंपनीतल्या कुणाकडून तरी पॉमेरियनची दोन पिल्लं आणली, दोन्ही माद्या. एकीचं नाव चिंगी, ते ठीक आहे. दुसरीचं आरोही. कुत्रीला कुणी आरोही म्हणतं का? पण पिल्लू ओंजळीत घेतल्या घेतल्या आरतीच्या तोंडून तेच नाव आलं, जसं काही आधीच ठरलेलं होतं. मी आपला आरी म्हणतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी उसातून वाघ आला. वाघ म्हणजे बिबट्या, पण पेपरवाल्यांशिवाय त्याला इथं बिबट्या कोण म्हणतं! अंगणातून आरीला कमरेला धरून निघाला. आरतीने हातातली कळशी फेकून मारली आणि बोंब मारत उसापर्यंत त्याच्यामागे धावली. वाघाने तोंडातलं टाकलं. आरी वाचली, पण तिचे मागचे पाय गेले. चिंगीला खरचटलंही नाही, तरी आरी सोबत नसेल तर ती उंबरा ओलांडत नाही आणि घरी एकटी ठेवली तर भुंकून घर डोक्यावर घेते. म्हणून आरती दिवसाआड दोघींना दोन काखांत घेऊन चढावरच्या जनावरांच्या दवाखान्यात जाते, मलमपट्टीला.

सकाळी पारावर गेणभाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "कंट्रोलर, तुमच्या सूनबाईनं दोन लेकरं काखंला मारलीत की राव!" सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो तर आरती दारात उभी. "मामा, एक बाबागाडी बघा ना. दोघी मावतील अशी. माजी कंबर लई दुखती आता."

बघतो म्हणालो. मी आळेफाट्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो, तीस वर्षं. 'बघतो' म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सुदर्शनची सुट्टी. जेवताना म्हणाला, "आण्णा, आणा की गाडी. त्यात काय?" त्यात काय ते भोसरीत राहणाऱ्याला कसं कळावं? त्याला कुठं पारावर बसायचंय!

मग हळूच मूळ विषयावर आला. पुण्याच्या एका संस्थेतून त्या दोघांना मूल दत्तक घ्यायचं आहे. संस्थेच्या बाई म्हणतात, आधी आम्ही घरी येऊन आजी-आजोबांशी बोलणार, त्यांचं मन आहे का पाहणार. या दिवाळीआधी त्याने विचारलं होतं, मागच्या दिवाळीआधीही विचारलं होतं. मी 'नाही' कधीच म्हटलेलं नाही. बघू म्हटलं. कुणाचं मूल, कुठलं, लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, हे आधी ठरायला नको? घाई कशाची आहे?

आरती वाढत होती. मी नको म्हणत असताना तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. लक्ष नव्हतं तिचं.

८ नोव्हेंबर, शनिवार

बाबागाडीवर तोड काढली. टोमॅटोचं रिकामं क्रेट घेऊन आळेफाट्याला तौहीदच्या गॅरेजात गेलो. याला चाकं लाव आणि ढकलायला दांडा लाव, म्हटलं. "काय वाहायचंय, चाचा?" त्याने विचारलं. "टोमॅटो," मी म्हणालो.

का म्हणालो ते मला माहीत आहे. शेजारी दोन ट्रकवाले चहा पीत उभे होते. तौहीद गुणी पोरगा. त्याने बेअरिंगची लोखंडी चाकं लावली आणि वर स्वतः उभं राहून दाखवलं. "बिनघोर माल भरा. वाकायची न्हाई."

९ नोव्हेंबर, रविवार

वाकली नाही. पण खडीवर आल्याबरोबर चाकांनी असा खडखडाट केला की बोलणं ऐकू येईना. वाघ आल्यापासून मोठा आवाज आरीला सोसत नाही. तिने अंग आखडून घेतलं आणि क्रेटमध्येच मुतली. चिंगी तिच्या अंगावर चढून थरथरत बसली. आरतीने दोघींना उचलून घेतलं आणि म्हणाली, "टोमॅटो न्यायला चांगली हाय, मामा." मी गॅरेजात काय सांगितलं होतं हे तिला कुणी सांगितलेलं नाही. ती सहजच म्हणाली असणार, पण माझे कान तापले.

बायकोला मात्र मी खरं सांगितलं. धोंडाबाई हसायची ती हसलीच. "तीस वर्षं भोंग्यावर वरडत व्हता, अमकी गाडी तमक्या फलाटाला लागलीय म्हनून. आन आता 'कुत्री' म्हनायला जीब उचलंना व्हय?"

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज जुन्नरला जाऊन गाडी आणली. गाडी उत्तम आहे. बाकी जे झालं ते लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

वजीरभाईंचं पाळण्यांचं दुकान स्टँडपासून जवळच. त्यांचा माल मी कितीदा एस.टी.च्या टपावर चढवू दिलाय, त्यामुळे ओळख जुनी. दुकानात दोन बायका झबली बघत होत्या. त्या जाईपर्यंत थांबावं म्हणून मी पायरीवर रेंगाळलो, तर वजीरभाई आतूनच ओरडले, "या, या, कंट्रोलरसाहेब! काय दाखवू?"

"बाबागाडी. दोघी मावतील अशी."

एवढंच म्हणालो. त्यांचा चेहरा असा फुलला! "दोघी? म्हणजे जुळ्या?"

आणि मी म्हणालो, "हूं."

झालं. तिथून पुढे एकही शब्द मी खोटा बोललो नाही, हेच मोठं नवल. त्यांनी विचारलं, केवढ्या आहेत? चार, म्हणालो. ते म्हणाले, चार महिने म्हणजे आता मान धरली असेल. वजन? साडेतीन-साडेतीन किलो. "जुळी बारीकच असत्यात, साहेब. धरतील बाळसं." नाव विचारलं. आरोही म्हणालो. दुसरीचं सांगायची पाळी आली तेव्हा खोकला काढला.

माळ्यावरून दोन गाड्या उतरवल्या. एकीत बैठका पुढे-मागे, दुसरीत शेजारी-शेजारी. वजीरभाई म्हणाले, पुढं-मागंवाली घ्या, कुठल्याबी दारातून जाती. बोलणं बरोबर होतं. आमच्या फाटकातून रुंद गाडी काढायची म्हणजे कसरतच. पण पुढे बसलेल्या चिंगीला मागची आरी दिसणार कशी? मी म्हणालो, "नको. एकीला दुसरी दिसली नाही की ती रडून गाव गोळा करते."

वजीरभाई माझ्याकडे बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "जुळ्यांचं असंच असतं, साहेब. अल्लानं लई वाट बघायला लावली तुमाला, पन भरून दिलं."

त्या झबलीवाल्या बायकाही थांबून माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. आता सांगणार तरी काय?

मी चाकं तपासली. रबराची, आवाज न करणारी. खाली स्प्रिंगा. पट्टे घट्ट बसतात. उडी मारली तर निघणार नाहीत ना, असं विचारून बसलो, तर ते म्हणाले, "आत्ताच कुठं उड्या मारत्यात!" निघताना त्यांनी दांड्याला काळा दोरा बांधला, दृष्ट लागू नये म्हणून. नको नको म्हणत असताना गाडी स्वतः उचलून स्टँडवर आले. आमच्या एस.टी.चा वाहक निघाला हौशीराम, पेठ गावचा, माझ्या बहिणीच्या शेजारचा. वजीरभाईंनी त्याला खालूनच सांगितलं, "नीट ठेव रे. साहेबांना जुळ्या नाती झाल्यात."

हौशीराम म्हणाला, "काय सांगताय! खरं का, साहेब?"

सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघितलं आणि मान हलवली. लोकांनी सरकून मला जागा दिली. एका म्हातारीने हात जोडले. घर येईपर्यंत मी मांडीवर ती घडी केलेली गाडी धरून बसलो होतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आरतीला गाडी फार आवडली. दोघी शेजारी-शेजारी अशा बसल्या की विचारू नका. आरी आज कितीतरी दिवसांनी कान टवकारून बघत होती.

आरतीने विचारलं, "दुकानदार हसला आसंल ना, मामा?"

"नाही हसला," मी म्हणालो. हेही खरंच आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

गाडी चढावर लोण्यासारखी चालते. मी दवाखान्यापर्यंत सोबत गेलो, म्हणजे मागून गेलो. पार आल्यावर चप्पल नीट करायला थांबलो आणि आरती बरीच पुढे गेल्यावर निघालो. ती वळावर थांबून वाट बघत होती. "पाय दुखतोय का, मामा?" म्हणाली. हो म्हटलं. घरी आल्यावर तिने पायाला तेल लावायला दिलं. ते मी लावलं. न दुखणाऱ्या पायाला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज घात झाला.

मी मागे गोठ्यात होतो. पुढच्या दारात बायकांचा आवाज आला. साळुबाई, माझी धाकटी बहीण, न कळवता पेठेहून आलेली. दारातूनच तिचं सुरू होतं, "कुटंय माजी जुळ्यांची आय?" हातांचं शेण धुवून मी ओसरीवर येईपर्यंत सतरंजी पसरलेली होती. साळुबाईने बाळंतविडा आणला होता. डिंकाचे लाडू, खारीक, खोबरं, दोन झबली, दोन टोपरी, काजळाची डबी. सगळं जोडीने. आरती तिच्यासमोर बसलेली, मांडीवर हिरव्या खणाची कुंची. कडेला मोती लावलेले. साळुबाईने स्वतः शिवलेली.

"दादा, सख्ख्या भनीला हौशीरामकडनं कळावं व्हय रं?" तिला हुंदका आला. "सून पोटुशी आसल्याचं कदी ऐकलं न्हाई, म्हंजी संस्थेतनं आनल्या, म्हनून लपावलंस. लपवायचं काय त्यात? गुडघ्यापायी भाऊबीजेला आले न्हाई, तर मला परकीच केलीस. कुठं निजल्यात पोरी? दाव की."

मी खांबाला धरून उभा. तीस वर्षं माईकवर बोललेला माणूस.

आरतीने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं असावं. ती उठली, आत गेली आणि बाबागाडी ढकलत घेऊन आली. आत दोघी. शांतपणे म्हणाली, "ही आरोही, आत्या. आन ही चिंगी. मामांनी यांच्यासाटी गाडी आनली."

साळुबाई आधी हसली, तिला चेष्टाच वाटली. मग तिचं तोंड उतरलं आणि मग ती पेटली. "कुत्र्यांच्या बाळंतविड्याला मला पेठेवरनं आनलंस, दादा? बाजारात त्वांड दाखवायला जागा ठेवली न्हाईस." आणि आरतीकडे वळून, "आन तू गं? कुत्री मांडीवर घेऊन बसतीस, म्हनून देव तुजी मांडी रिकामी ठेवतोय."

धोंडाबाई कडाडली, "साळुबाई, गप बसा. माज्या सुनंला बोलायचं काम न्हाई." साळुबाईने लाडू, खारका, झबली, सगळं पिशवीत कोंबलं आणि तरातरा निघून गेली. रागाच्या भरात कुंची राहिली.

बोलली ती धोंडाबाई. मी बोललो नाही. दुकानात गप्प बसलो ते एक वेळ ठीक, पण आज घरात, माझ्याच सुनेसाठी, मी तोंड उघडलं नाही. लाज वाटते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बाबागाडी माळ्यावर गेली. आरतीने सकाळी दोघींना काखेत घेतलं आणि दवाखान्यात गेली. मी म्हणालो, गाडी काढून देतो. ती म्हणाली, "नको, मामा. लोक इचारत्यात."

सुदर्शन आला, त्याला आईने सांगितलं. तो माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसतं विचारलं, "आण्णा, मग संस्थेच्या बाईंना 'नाय' म्हणून कळवू का आता?" मी म्हणालो, थांब, बघू. तो उठून गेला.

संध्याकाळी कळलं, आरती रविवारी माहेरी निघाली आहे, कुत्र्यांना घेऊन. किती दिवस, म्हणून विचारलं.

"बघते," म्हणाली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

जुन्नरला गेलो. आज दुकानात गिऱ्हाईक असेल तर बरं, अशी मनात इच्छा होती. कुणी नव्हतं. वजीरभाईंच्या घरच्या, दिलशादभाभी, चहा घेऊन आलेल्या. दोघांसमोर सांगितलं. दोन कुत्री आहेत. सुनेची. तुम्ही जुळ्या म्हणालात आणि मी लाजेने हूं म्हणालो.

मला वाटलं हसतील. भाभी पदर तोंडाला लावून हसल्याही. वजीरभाई नाहीत हसले. विचार करून म्हणाले, "त्या दिवशी नमाजात मी तुमच्या नातींसाटी दुआ मागितली, साहेब. आता ती काय परत घेता येत न्हाई. ज्याला लागायची त्याला लागू द्या."

त्यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर सोसली असती.

स्टँडवर गाडी लागलेली, हौशीराम तिकिटं फाडत होता. मी आत चढलो आणि दांड्याला धरून उभा राहिलो. "हौशीराम, मला नाती न्हाईत. दोन कुत्री हायेत. गाडी त्यांच्यासाटी नेली. तू त्या दिवशी इचारलंस, मी मुंडी हलावली. खोटं बोललो." आवाज गरजेपेक्षा मोठा लागला, सवयीने. मागच्या सीटवरून जो हशा सुटला तो पुढपर्यंत आला. हौशीरामला तर तिकीट फाडता येईना. मी उभाच प्रवास केला. पेठेला निरोप धाडायची गरज नाही, हौशीराम आहे.

आरतीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "बरं झालं," म्हणाली आणि पिशवी भरायला लागली.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी न विचारता बाबागाडी माळ्यावरून काढली, दोघींना बसवून पट्टे लावले आणि म्हणालो, थांब्यापर्यंत मी ढकलतो. आरती पिशवी घेऊन शेजारून चालली. पारावर मंडळी होतीच.

"काय राव कंट्रोलर, नातवंडं का?" गेणभाऊ.

"कुत्री हायेत. माज्या सुनंची. हिचे पाय वाघानं नेले आन सुनंनं वाघाच्या तोंडातनं हिला काढली. तुज्यात हाय का ती धमक?"

गेणभाऊ गप्प बसणाऱ्यातला थोडाच! म्हणाला, "टिकीट फुल का हाफ?" सगळे हसले. माझे कान पुन्हा तापले. वाटलं होतं, एकदा उघड बोललं की लाज जाते. तशी काही जात नाही. पण गाडी ढकलता येते.

थांब्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "पोरी, चुकलो. कुत्र्यांची लाज वाटली मला."

"कुत्र्यांची नाय, मामा," ती म्हणाली. "माजी."

खोटं कसं म्हणू?

तिने चिंगीचा पट्टा सारखा केला आणि विचारलं, "दुकानात हूं म्हनालात, तवा कसं वाटलं तुमाला?"

मी हे कुणाला सांगणार नव्हतो, इथंही लिहिलं नव्हतं. पण तिला सांगितलं. लाज वाटली, पण बरंही वाटलं. जुन्नरहून घरापर्यंत मी आजोबा होतो. लोकांनी सरकून जागा दिली ती मी घेतली.

आरती आरीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. मान वर न करता म्हणाली, "साळुआत्यांनी दारातनं हाक मारली ना, जुळ्यांची आय कुठंय म्हनून... मी सैपाकघरातनं 'ओ' दिली, मामा. इचार न करता दिली. आन पळत भाईर आले."

ती रडली नाही. मलाच आवरेना. रस्त्यात, बाबागाडीच्या दांड्याला धरून, सत्तरीला आलेला माणूस.

बस दिसायला लागली. मी म्हणालो, "संस्थेच्या बाईंना बोलावून घे. मी बोलतो त्यांच्याशी."

"लोकांनी इचारलं तर काय सांगाल?"

"संस्थेतनं आनलं म्हनून सांगीन."

तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं. बसला हात केला नाही. बस धूळ उडवत निघून गेली. "उद्या सकाळी परत इचारते," ती म्हणाली. "रातीत बदलायचं आसंल तर बदला."

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चहा देताना तिने विचारलं. मी हो म्हणालो. हूं नाही. हो.